तारीख वरून, निर्णय साइटवर

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकुरपर्यंत रेल्वेमार्ग टाकायचा. वाटेत सह्याद्रीचे कातळ, एकामागून एक खाड्या, खचणारी लाल माती आणि दरवर्षी चार महिने कोसळणारा पाऊस. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा समोरचे काम असे होते. सुमारे ७४० किलोमीटर लांबी, नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे सगळे धरून जवळजवळ दोन हजार पूल. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री होते, त्यामुळे राजकीय बळाची उणीव नव्हती. भागभांडवल केंद्र आणि चार राज्यांचे, बाकी पैसा रोख्यांतून उभा करायचा आणि मुदत पाच वर्षांची. या कामाचे प्रमुख म्हणून आले ई. श्रीधरन. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले अठ्ठावन्न वर्षांचे अभियंते.

श्रीधरन यांचे नाव निघाले की पहिला शब्द येतो तो शिस्तीचा. वेळेवर येणे, वेळेवर जाणे, भ्रष्टाचाराला थारा न देणे, काम संपायला किती दिवस उरले हे दाखवणारी उलट्या मोजणीची घड्याळे. या चित्रावरून अनेकांनी सोपा निष्कर्ष काढला: मोठे प्रकल्प कडक साहेबच तडीस नेतात. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी ऑफिसांत हा समज आजही घट्ट आहे. टीमकडून काम होत नसेल तर नेता ‘सॉफ्ट’ आहे, असे म्हटले जाते.

पण कोकण रेल्वेची रचना जरा जवळून पाहिली तर वेगळेच काही दिसते. संपूर्ण मार्गाचे सात विभाग केले होते: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि त्याच्यावर एक मुख्य अभियंता. जमीन, ठेकेदार, स्थानिक अडचणी, बांधकामाची पद्धत या बाबतीत या अभियंत्यांच्या हाती मोठे अधिकार होते. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मुख्यालयाकडे फाइल पाठवायची आणि सहीची वाट पाहायची, ही सरकारी रीत इथे मोडली. तारीख वरून ठरत होती. त्या तारखेपर्यंत कसे पोहोचायचे हे साइटवर ठरत होते.

नेतृत्वशैलीबद्दल बोलताना हाच भाग सुटतो. नेता कडक आहे की मवाळ, ओरडतो की समजावतो, यावर चर्चा रंगते. प्रकल्पाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मात्र दुसरा आहे: कोणता निर्णय नेत्याने स्वतःकडे ठेवला आणि कोणता सोडला? श्रीधरन यांनी मुदत, दर्जा आणि सचोटी या गोष्टी स्वतःकडे ठेवल्या. त्यांबाबत चर्चेला वाव नव्हता. बाकी बरेचसे त्यांनी सोडून दिले. एकच माणूस एकाच प्रकल्पात एका बाबतीत हुकूम देणारा आणि दुसऱ्या बाबतीत मोकळीक देणारा असू शकतो, आणि चांगला प्रकल्पप्रमुख बहुधा तसाच असतो.

ही मोकळीक का लागते ते रत्नागिरीजवळचा पानवल पूल आणि गोव्यातला पेडण्याचा बोगदा शेजारी ठेवून पाहिले की कळते. पानवलला खोल दरी आहे. चौसष्ट मीटर उंचीच्या खांबांवर सव्वाचारशे मीटरचा पूल उभा करायचा होता. तिथे पुलाचे भाग एका टोकाला बांधून पुढे पुढे ढकलत नेण्याचे, आपल्याकडे तेव्हा नवे असलेले तंत्र वापरले गेले. काम अवघड होते, पण त्याचा हिशोब कागदावर आधी मांडता येत होता. कातळातल्या बोगद्यांचेही तसेच. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खोदताना रोज किती मीटर पुढे जाऊ याचा अंदाज बांधता येत होता.

पेडण्यात तसे काहीच नव्हते. पाण्याने भिजलेली, चिखलासारखी मऊ माती. कातळ फोडणारी परदेशी यंत्रे इथे निरुपयोगी ठरली. माणसांनी हातांनी थोडे थोडे खणायचे, लगेच आधार द्यायचा, आणि तरीही माती पुन्हा आत यायची. असे बोगदे मार्गावर मोजकेच होते, पण साऱ्या वेळापत्रकाची कसोटी त्यांनीच पाहिली. मुंबईहून मंगळूरपर्यंत थेट वाहतूक सुरू झाली ती जानेवारी १९९८ मध्ये, मूळ मुदतीच्या बऱ्याच नंतर. पानवलला योजनेप्रमाणे काटेकोर चालणारा प्रमुख हवा होता. पेडण्याला हवा होता रोज सकाळी काल काय झाले ते विचारून आजची पद्धत बदलणारा, खणणाऱ्या मजुराचेही ऐकणारा. एकाच रेल्वेमार्गावरच्या या दोन कामांना एकच शैली पुरणे शक्य नव्हते.

शिवाय प्रकल्पाच्या टीमबाहेरही माणसे असतात. गोव्यात रेल्वेमार्ग कुठून जावा यावरून मोठे आंदोलन झाले. खाजण, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनी, आणि जुन्या गोव्याचा वारसा यांची काळजी लोकांना होती. १९९३ मध्ये काम थांबले, केंद्राने न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला, आणि अखेर मार्ग होता तोच राहिला. मधले महिने मात्र गेले. मुख्य अभियंत्याला कितीही अधिकार दिले तरी ज्याच्या शेतातून रूळ जाणार आहे त्या माणसावर ते चालत नाहीत. तिथे समजावणे, ऐकून घेणे, वेळ देणे हे कौशल्य लागते, आणि ते प्रकल्प सुरू होण्याआधीपासून लागते.

शैली म्हणजे नक्की काय, हे प्रयोगातून तपासण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात झाला. जर्मनीतून स्थलांतरित झालेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. काम हस्तकलेचे, नाटकातले मुखवटे बनवण्यासारखे. एका प्रकारचा मोठा माणूस सगळे स्वतः ठरवायचा आणि पुढचे पाऊल आधी सांगायचाही नाही. दुसरा मुलांबरोबर चर्चा करून काम वाटायचा. तिसरा साहित्य देऊन बाजूला व्हायचा. तीच मोठी माणसे वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी भूमिका घेत, म्हणजे फरक स्वभावाचा नाही, वागण्याचा, हे तपासता यावे. हुकूम देणाऱ्याच्या हाताखाली काम भरपूर झाले, पण तो खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबायचे; काही गटांत भांडणे वाढली, काहींत मुले मुकी झाली. चर्चा करणारा बाहेर गेला तरी काम जवळपास तसेच चालू राहिले. नुसते मोकळे सोडलेल्या गटात काम कमी आणि गोंधळ जास्त झाला.

यातली खोलीबाहेर जाण्याची गोष्ट आजच्या काळात फारच महत्त्वाची आहे. अर्धी टीम घरून काम करते, काही जण बंगळूरला, क्लायंट दुसऱ्या खंडात. प्रमुख जवळजवळ नेहमीच खोलीबाहेर असतो. अशा टीमवर लक्ष ठेवण्यासाठी दर दोन तासांनी स्टेटस मागणारा मॅनेजर पुन्हा खोलीत शिरायची धडपड करत असतो. त्यातून अहवाल वाढतात, काम वाढतेच असे नाही.

लेविन यांच्या प्रयोगावरून चर्चेची शैली सर्वोत्तम, असे बरीच वर्षे सांगितले गेले. १९६० च्या दशकात त्यावर प्रश्नचिन्ह लागले. १९६९ मध्ये पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी मांडले की शैली समोरच्या माणसाच्या तयारीवर ठरवावी. नुकत्याच आलेल्या फ्रेशरला काय करायचे, कसे करायचे, कधीपर्यंत करायचे, हे नीट सांगावे लागते. थोडा अनुभव आला पण आत्मविश्वास डळमळीत, अशा माणसाला सांगण्याबरोबर कारणही द्यावे लागते. काम येते पण उत्साह कमी आहे, त्याला निर्णयात सामील करून घ्यावे. आणि जो कामात मुरला आहे, मनापासून करतो, त्याच्या हाती काम सोपवून बाजूला व्हावे. हे चार टप्प्यांचे चित्र जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत शिकवले जाते. संशोधनात त्याला सगळीकडे सारखा आधार मिळालेला नाही. नवख्यांना जास्त मार्गदर्शन लागते, एवढा भाग बऱ्यापैकी टिकला. उरलेले टप्पे इतके स्वच्छ वेगळे निघाले नाहीत. तरी त्यातला मूळ सल्ला रोजच्या कामात उपयोगी आहे. एकाच टीममधल्या सहा माणसांशी सहा प्रकारे वागणे म्हणजे पक्षपात नव्हे. पक्षपात तेव्हा होतो, जेव्हा अप्रेझलची मोजपट्टी बदलते.

त्यात आणखी एक पेच आहे. तोच अनुभवी माणूस नव्या कामावर नवखा असतो. पंधरा वर्षे जावावर काम केलेला प्रोग्रॅमर क्लाउडच्या प्रकल्पावर आला की त्याला पहिले काही आठवडे फ्रेशरसारखीच स्पष्टता लागते, आणि ती मागायला त्याला संकोच वाटतो. चांगला टीम लीड ती न मागता देतो.

आणीबाणीत तरी हुकूमच चालतो, असे सर्रास मानले जाते. डिसेंबर १९६४ मध्ये चक्रीवादळाने रामेश्वरमचा पांबन पूल उद्ध्वस्त केला. एक प्रवासी गाडीही समुद्रात गेली. पुलाच्या दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिने दिले, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि तिशी नुकतीच ओलांडलेल्या श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा केला. वाहून गेलेले गर्डर समुद्रातून काढून पुन्हा वापरले, म्हणून ते शक्य झाले. त्या दीड महिन्यात सभा घेऊन मतदान करायला कुणाला वेळ नव्हता, हे खरेच.

पण एप्रिल १९७० मधले ह्यूस्टनचे अंतराळ नियंत्रण केंद्र पाहा. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानातली प्राणवायूची टाकी फुटली. तीन अंतराळवीरांना परत आणायचे होते आणि यानातली वीज संपत आली होती. जीन क्रान्झ हे फ्लाइट डायरेक्टर. लष्करी शिस्तीचा, शब्दाला धार असलेला माणूस. त्यांनी आपल्या गटाला नेहमीच्या पाळीतून बाहेर काढले आणि यान परत चालू करण्याची पद्धत तयार करायला बसवले. विजेचा हिशोब त्यांनी जॉन एरन या तरुण अभियंत्याकडे दिला. कोणते उपकरण कधी चालू होणार, कोणते बंद राहणार, यावर एरन यांचा शब्द अखेरचा. त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्यांनाही वीज हवी तर त्यांची मंजुरी लागणार. अंतराळवीर १७ एप्रिलला सुखरूप उतरले. संकटात क्रान्झ यांनी कुणी काय करायचे हे क्षणात ठरवले, तिथे चर्चा केली नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापेक्षा दुसऱ्याला चांगले येत होते, तो प्रश्न त्यांनी पूर्णपणे त्या दुसऱ्याच्या हाती दिला. घाईच्या वेळी सारे निर्णय स्वतःकडे ओढणारे प्रमुख क्रान्झ यांचा आवाज उचलतात आणि नेमका हा भाग सोडतात.

डॅनियल गोलमन यांनी २००० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये हजारो अधिकाऱ्यांच्या पाहणीवरून सहा शैली मांडल्या. त्यांतल्या दोन शैलींचा टीमच्या वातावरणावर सहसा वाईट परिणाम होतो असे त्यांना आढळले. धाकाची शैली त्यांत असणार याचा अंदाज कुणालाही येईल. दुसरी मात्र चटकन लक्षात येत नाही: जो स्वतः अफाट वेगाने आणि अचूक काम करतो आणि सगळ्यांनी तसेच करावे असे धरून चालतो, तो नेता. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत आणि अभियांत्रिकी कारखान्यांत हाच सर्वांत जास्त भेटतो, कारण बढती सर्वांत हुशार कारागिरालाच मिळते. ज्युनिअरचा कोड अडला की तो समजावत नाही. रात्री बसून स्वतःच लिहून टाकतो. रिलीज वेळेवर जाते, क्लायंट खूश होतो आणि ज्युनिअर होता तिथेच राहतो. पुढच्या वेळी काम पुन्हा त्याच एका माणसावर येऊन पडते. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, म्हणून हे दुखणे जास्त हट्टी आहे. त्यावर उपाय एकच: बढतीच्या दिवशीच सांगणे, की यापुढे तुझ्या हातचे काम मोजले जाणार नाही, तुझ्या माणसांच्या हातचे मोजले जाईल. हे फार थोड्या ठिकाणी सांगितले जाते.

सॉफ्टवेअरच्या जगात फेब्रुवारी २००१ मध्ये सतरा जणांनी अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे जमून अजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि बदल सामावत काम करण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. त्यानंतर टीमने आपले काम आपण ठरवावे आणि प्रमुखाने अडथळे दूर करावेत ही कल्पना रुजली. स्क्रम या अजाइल पद्धतीत टीमला मदत करणाऱ्या स्क्रम मास्टरची भूमिका त्यातलीच. तिच्याशी जुळणारा विचार रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० च्या निबंधात आहे. जो आधी सेवक असतो तोच खरा नेता, असे त्यांनी मांडले होते. कल्पना उत्तम आहे. पण अनेक ठिकाणी रोजच्या स्टँडअप मिटिंगमध्ये एकेक जण उठून साहेबाला हजेरी दिल्यासारखा कालचा हिशोब देतो आणि स्प्रिंटमध्ये, म्हणजे काही आठवड्यांच्या एका टप्प्यात, किती काम घ्यायचे ते आधीच वरून ठरलेले असते. पद्धतीचे नाव बदलले, निर्णयाची जागा बदलली नाही. त्यापेक्षा तारीख आणि व्याप्ती ठरलेली आहे हे सरळ सांगणारा जुन्या वळणाचा मॅनेजर बरा. निदान टीमला आपल्या हातात काय आहे ते कळते.

अशा कंपन्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार. पर्जन्यछायेतले, दुष्काळाने पोळलेले गाव. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले तेव्हा त्यांच्या हाती पगार नव्हता, नोकरीवरून काढण्याची धमकी नव्हती, बढतीचे आमिषही नव्हते. पाणलोटाचे काम गावकऱ्यांच्या श्रमदानातून करायचे होते. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी अशा बंधनांचा त्रास ज्यांना सोसायचा, त्यांनीच ती घालून घ्यायची होती. इथे ग्रामसभेशिवाय मार्ग नव्हता. पुढे गावाने शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली, उसासारख्या पाणीखाऊ पिकांना नकार दिला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरवण्याची रीत पाडली. सहमतीला वेळ लागतो. पण सहमतीने ठरलेला नियम पाळला जातो की नाही हे बघायला पोलीस ठेवावा लागत नाही. स्वयंसेवकांची टीम, सोसायटीची समिती, गणेशोत्सव मंडळ, शाळेचे स्नेहसंमेलन सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कंपनीतल्या मॅनेजरपेक्षा हिवरे बाजारच्या ग्रामसभेकडून जास्त शिकता येईल.

शैली कोणतीही असो, एक गोष्ट तिच्याखाली पक्की हवी: वाईट बातमी वर पोहोचली पाहिजे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषध देण्यातल्या चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा. निकाल उलटा आला. चांगले नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर कळले की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या गटांत त्या दडपल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी या मोकळेपणाला मानसिक सुरक्षितता म्हटले. पुढे गूगलने आपल्या १८० टीम तपासल्या, तेव्हा यशस्वी टीमचा सर्वांत ठळक गुण म्हणून हीच गोष्ट वर आली.

म्हणजे प्रमुखाने गोड बोलावे असे नाही. कोकण रेल्वेच्या बांधकामात सत्तरहून अधिक कामगारांचे जीव गेले. त्यांचे स्मारक रत्नागिरीत आहे. ओल्या मातीच्या बोगद्यात पाणी झिरपताना जो पहिल्यांदा पाहतो तो मजूर किंवा मुकादम असतो, मुख्य अभियंता नसतो. ‘साहेब, आज थांबूया’ हे त्याला न घाबरता म्हणता येते का, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. तारखेबाबत कडक असलेल्या प्रमुखाने हे म्हणण्याची मुभा तर जास्तच ठळकपणे द्यायला हवी, कारण उलट्या मोजणीच्या घड्याळाखाली उभे राहून काम थांबवा म्हणणे सोपे नसते.

नवा प्रकल्प हाती घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात एक कागद घेऊन बसावे. येत्या तीन महिन्यांत कोणकोणते निर्णय घ्यावे लागतील ते लिहावे, आणि प्रत्येकापुढे ते कोण घेणार ते लिहावे. स्वतःचे नाव जिथे जिथे आले तिथे थांबून विचारावे, की याची माहिती माझ्याकडे जास्त आहे की टीमकडे? चूक झाली तर ती सुधारता येईल का? सुधारता येण्याजोगा निर्णय खुशाल खाली सोडावा. चुकल्यास माणसाचा जीव किंवा कंपनीची अब्रू जाईल असा निर्णय स्वतःकडे ठेवावा, पण सल्ला घेऊन. हा कागद टीमला दाखवावा आणि दर महिन्याला बदलावा, कारण माणसे शिकतात आणि कामाचा टप्पाही पालटतो. सुरुवातीला चर्चा जास्त, मधल्या टप्प्यात मोकळीक जास्त, आणि हस्तांतरणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुन्हा बारीक लक्ष, असा क्रम बऱ्याच प्रकल्पांना मानवतो.

श्रीधरन यांनी पुढे दिल्ली मेट्रो उभारली. २००२ च्या डिसेंबरमध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला आणि पहिल्या टप्प्याचे ६५ किलोमीटरचे काम मुदतीच्या बरेच आधी, २००५ अखेर पूर्ण झाले. २०११ च्या शेवटी ते निवृत्त झाले तेव्हा, आता मेट्रोचे कसे होणार, अशी चर्चा झाली. त्यांची जागा मंगू सिंग यांनी घेतली. ते सुरुवातीच्या वर्षांपासून मेट्रोत होते आणि वर्षानुवर्षे साइटवरचे निर्णय घेत आले होते. २०२२ पर्यंत ते प्रमुख राहिले आणि मेट्रोचा तिसरा, पहिल्या दोहोंइतकाच अवघड टप्पा त्यांच्या कारकिर्दीत पुरा झाला.